अंतोनिओ ते अँथनी जॉन्सन : एका पूर्वजाचा शोध

पूर्वज शोधणे ही वरवर पाहता निरुपद्रवी हौस आहे. परंतु कोणाचा पूर्वज सापडतो आणि कोणाचा सापडत नाही, असे विचारताच तिच्यामागची विषमता उघडी पडते. आपल्याकडे उच्चवर्णीय घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत छापले गेले. अमेरिकेत १८९० साली ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ आणि १८९७ साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातील वसाहतकारांच्या वंशजांची संस्था निघाली. सभासद व्हायचे तर पूर्वजापर्यंतची साखळी कागदोपत्री सिद्ध करावी लागते. ज्यांच्या घरी मृत्युपत्रे, खरेदीखते आणि चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत, त्यांना हे जमते.

ज्यांचे पूर्वज स्वतःच कोणाची तरी मालमत्ता होते, त्यांनी काय करावे? १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मालकाचे नाव, आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग व रंग. माणसाचे नाव बहुधा नाहीच. गुलामगिरी संपल्यानंतर, १८७० च्या जनगणनेत, या लाखो लोकांची नावे प्रथमच लिहिली गेली. म्हणून बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध १८७० पाशी अडतो.

या अंधारात एक माणूस मात्र जवळजवळ पन्नास वर्षे कागदांवर दिसत राहतो. व्हर्जिनिया वसाहतीच्या १६२५ च्या शिरगणतीत बेनेट यांच्या तंबाखूच्या मळ्यावर ‘अंतोनिओ, निग्रो’ अशी नोंद आहे. तो १६२१ साली ‘जेम्स’ जहाजातून आला. त्याच मळ्यावर १६२२ साली आलेली ‘मेरी, निग्रो स्त्री’ हिचीही नोंद आहे. आडनाव नाही, गाव नाही, आईबाप नाहीत. २२ मार्च १६२२ रोजी, ज्यांच्या भूमीवर ही वसाहत पसरत होती त्या पोहॅटन लोकांनी तिच्यावर हल्ला केला. ३४७ वसाहतवासी मारले गेले. बेनेटच्या मळ्यावरचे मोजकेच वाचले, त्यांत अंतोनिओ होता.

पुढे तो आणि मेरी पतिपत्नी म्हणून, स्वतंत्र माणसे म्हणून दिसतात. अंतोनिओचा अँथनी जॉन्सन झालेला असतो. वसाहतीत माणूस आणणाऱ्याला दरडोई ५० एकर जमीन मिळे. १६५१ साली अशा पाच माणसांच्या हक्कावर जॉन्सनला नॉर्थॅम्प्टन परगण्यात २५० एकर जमीन मिळाली. १६५३ साली त्याच्या मळ्याला आग लागली. त्यावेळी कोर्टाने मेरी आणि तिच्या दोन मुलींना तहहयात करमाफी दिली. हे कुटुंब तीस वर्षांहून अधिक काळ वसाहतीत राहत असल्याची नोंद कोर्टाने केली, आणि १६२१ चा अंतोनिओ तो हाच, हे जोडण्यास इतिहासकारांना मोठा आधार मिळाला. कृष्णवर्णीय स्त्रियांवर १६४३ पासून कर होता. गोऱ्या स्त्रियांवर नव्हता. म्हणजे या माफीने मेरीला जे मिळाले, ते गोऱ्या शेजारणीकडे जन्मतःच होते.

इथवरची कहाणी अभिमानाने सांगावी अशी आहे. पुढची तशी नाही. जॉन्सनकडे जॉन कॅसर नावाचा कृष्णवर्णीय मजूर होता. आपल्या कराराची सात-आठ वर्षे केव्हाच संपली, तरी जॉन्सन सोडत नाही, असे त्याचे म्हणणे होते. तो रॉबर्ट पार्कर या गोऱ्या शेजाऱ्याकडे गेला. जॉन्सन कोर्टात गेला आणि मार्च १६५५ मध्ये कोर्टाने कॅसर त्याला परत दिला. जो स्वतः जहाजात भरून आणला गेला, त्यानेच दुसऱ्याला जन्मभर बांधून ठेवले.

‘अमेरिकेतला पहिला गुलाममालक काळाच होता’, असे या निकालाच्या आधारे गोऱ्या वर्णवर्चस्वाचे समर्थक मिटक्या मारीत सांगतात. हे खोटे आहे. १६४० साली तीन नोकर व्हर्जिनियातून पळाले आणि पकडले गेले. दोघा गोऱ्यांची सेवा चार वर्षांनी वाढवली गेली. तिसरा, जॉन पंच, कृष्णवर्णीय होता, त्याला जन्मभराची सेवा फर्मावली. कॅसरच्या निकालाच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट. हाच पंच बराक ओबामांचा, त्यांच्या गोऱ्या आईच्या बाजूने, पूर्वज असण्याचा संभव आहे, असे २०१२ साली वंशावळीच्या अभ्यासकांनी जाहीर केले. रक्तशुद्धीची मिजास मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु खोटा आरोप खोडून काढताना जॉन्सनला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. मालक होऊन आपण मालकांच्या पंक्तीला बसलो, असे त्याला वाटले असेल. ती पंक्तीच त्याच्यासाठी नव्हती. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला : मुलाची स्थिती आईप्रमाणे. गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेला गुलाम. १६६७ साली ठरले की बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही. जन्माने माणसाची पायरी ठरवण्याचे हे शास्त्र आपल्याला नवे नाही. आपल्याकडे ते धर्मग्रंथांनी सांगितले, तिथे विधिमंडळाने वर्ष घालून लिहिले, एवढाच फरक.

जॉन्सन कुटुंब १६६५ च्या सुमारास मेरीलँडमध्ये गेले. तिथे ३०० एकर जमीन खंडाने घेतली. १६७० साली अँथनी वारला. त्याच वर्षी व्हर्जिनियातील पंचांनी निर्णय दिला की, तो निग्रो होता आणि म्हणून परका होता. सबब त्याने मागे ठेवलेली जमीन सरकारजमा व्हावी. मुलाला दिलेले ५० एकर असे गेले. पन्नास वर्षांची मेहनत, कर, कोर्टकचेऱ्या, गुलाम बाळगणे, काहीच कामास आले नाही.

१६७७ साली त्याच्या नातवाने मेरीलँडमध्ये ४४ एकरांचे शेत घेतले आणि त्याला नाव दिले ‘अंगोला’. ज्या भूमीवर नातवाने कधी पाऊल ठेवले नव्हते, तिचे नाव तीन पिढ्या घरात जपले गेले होते. १७०६ साली तो निपुत्रिक वारला आणि पुढे या घराण्याचा माग पुसट होत जातो.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हापासून तो इतिहास आपल्याही अभ्यासाचा विषय आहे. आपल्या आजापणज्यांची नावेही महारवतनाच्या कागदांत सापडतात, ती बहुधा राबणुकीच्या हिशेबात. ती जरूर शोधावीत. पण सापडलेल्या पूर्वजाला शेंदूर फासून देव करू नये. तो कोणाखाली दबला होता, हे जसे पाहावे, तसे तो कोणाला दाबत होता, हेही पाहावे. शिकून नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्या पहिल्या पिढीने तर हे अधिकच पाहावे. कारण वर चढताना खालच्या पायरीवर कोणाला तरी ठेवण्याचा मोह आपल्यालाही आहे. आणि शिडी ज्यांची आहे, ते ती केव्हाही काढून घेतील, हे जॉन्सनच्या जमिनीने सांगून ठेवले आहे.