गुण आला, पण कशाने?

घरात कुणाला सर्दी-खोकला झाला की उपचारांना तोटा नसतो. आजी आले, गवती चहा आणि मिऱ्यांचा काढा करून देते. वडील कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून बाटली भरून आणतात. शेजारच्या काकू ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेकायला सांगतात. चार दिवसांनी खोकला जातो. मग आजी म्हणते, "बघ, काढ्याला गुण आला की नाही!" वडील म्हणतात, हा डॉक्टरांचा हातगुण. काकू उघड काही बोलत नाहीत, पण मनातल्या मनात श्रेय त्याही घेतातच. तिघांपैकी खोटे कुणीच बोलत नाही. गुण आला हे खरेच आहे. पण तो कशाने आला? काढ्याने, औषधाने, शेकाने, की चार दिवस उलटले म्हणून आपोआपच?

प्रश्न दिसायला साधा आहे. पण तो नीट विचारायला वैद्यकाला फार काळ लागला, आणि ज्यांनी तो विचारला त्यांना पुष्कळदा आपल्याच आवडत्या उपचारावर पाणी सोडावे लागले. त्या प्रश्नाचीच हकिकत आज सांगायची आहे.

सुरुवात एका जहाजापासून करू. साल १७४७. इंग्रजी आरमाराच्या 'सॅलिसबरी' नावाच्या जहाजावर स्कर्व्हीचे रोगी झाले होते. या रोगात हिरड्या सुजून रक्त येते, दात हलू लागतात, अंगातले त्राण जाते. लांबच्या सफरीत या रोगाने असंख्य खलाशी मरत. उपाय सांगणारे पुष्कळ होते आणि प्रत्येकाला आपल्या उपायाची खात्री होती. जहाजावरचा शल्यवैद्य जेम्स लिंड याने काय केले, तर शक्य तितके सारख्या अवस्थेतले बारा रोगी निवडले, त्यांना एकाच जागी ठेवले, एकच अन्न दिले आणि दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली दारू, दुसरीला पाण्यात मिसळलेले गंधकाम्ल, तिसरीला सिरका, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला संत्री आणि लिंबू, सहावीला लसूण-मोहरीची गोळी. फळांचा साठा सहा दिवसांत संपला, पण तेवढ्यात त्या जोडीतला एकजण कामावर जाण्याइतका बरा झाला होता.

लिंडने मोठे काय केले? लिंबू त्याने शोधून काढले नाही, ते आधीही लोकांना ठाऊक होते. त्याने तुलना केली. एकटे औषध पाहिले तर ते नेहमीच गुणकारी दिसते. दुसरे शेजारी ठेवले म्हणजे खरे-खोटे कळते. आता गंमत पाहा. लिंडचा ग्रंथ १७५३ साली छापला गेला, पण इंग्रजी आरमारात लिंबाचा रस नियमाने देणे सुरू झाले ते १७९५ साली. मधल्या बेचाळीस वर्षांत किती खलाशी दगावले असतील! नुसते सिद्ध होऊन भागत नाही, ते मानणारे लोकही लागतात.

दुसरी गोष्ट एका दंतवैद्याची. अमेरिकेत हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. १८४४ च्या डिसेंबरात तो एका करमणुकीच्या कार्यक्रमाला गेला. तिथे नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला आपण हसवणारा वायू म्हणतो, तो लोकांना हुंगवून मजा दाखवीत होते. वायूच्या तारेत एका माणसाच्या पायाला चांगलीच इजा झाली, पण त्याला त्याचा पत्ताच नव्हता. वेल्सच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः तो वायू घेतला आणि आपलीच दाढ काढून घेतली. दुखले नाही. मग काही रोग्यांवर प्रयोग करून तो १८४५ च्या जानेवारीत बॉस्टनला गेला आणि डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या भरल्या सभेत त्याने प्रयोग करून दाखवला. वायूची पिशवी लवकर बाजूला घेतली गेली, दात उपटताना रोगी कण्हला, आणि सभेत 'थोतांड! थोतांड!' म्हणून हुर्यो उडाली. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, त्याच शहरात विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला गुंगी आणली. शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पडली आणि जगभर मॉर्टनचे नाव झाले. वेल्स खचला. १८४८ साली त्याने आत्महत्या केली. त्याचा तो वायू आजही दंतवैद्यांच्या दवाखान्यांत वापरला जातो.

म्हणजे, एका रोग्याला गुण आला म्हणून औषध खरे ठरत नाही, तसे एकाला आला नाही म्हणून ते खोटेही ठरत नाही. रोगी पुष्कळ हवेत. पण पुष्कळ रोगी घेतले तरी अडचण राहतेच. डॉक्टर माणूसच आहे. नव्या औषधावर त्याचा जीव जडलेला असतो. बरे होण्यासारखे रोगी तो नकळत त्या औषधाकडे वळवतो आणि मग औषधच श्रेष्ठ दिसते. यावर तोड निघाली ती अगदी आपल्या घरगुती व्यवहारातली: चिठ्ठ्या टाकणे! १९४८ साली इंग्लंडमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा प्रसिद्ध झाली. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी तिची आखणी केली होती. कोणत्या रोग्याला औषध द्यायचे आणि कोणाला नुसती विश्रांती, हे बंद पाकिटांतून ठरत असे. औषध इतके तुटपुंजे होते की सगळ्यांना पुरणारच नव्हते, म्हणून ही वाटणी अन्यायाचीही नव्हती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. आता कुणी शंका घ्यायला जागा उरली नाही.

औषधांचे हे झाले. पण शस्त्रक्रियेचे काय? पोट फाडले, छाती उघडली आणि रोगी बरा झाला, तर तो शस्त्रक्रियेनेच, असे कुणालाही वाटेल. १९५० नंतरच्या दशकात हृदयशूळावर एक शस्त्रक्रिया फार लोकप्रिय झाली होती. छातीच्या आतल्या बाजूच्या दोन रोहिण्या बांधून टाकल्या की रक्त हृदयाकडे वळते आणि कळा थांबतात, अशी समजूत होती. रोग्यांना उतार पडतही होता. १९५९ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या डॉक्टरांनी १७ रोग्यांवर याची परीक्षा प्रसिद्ध केली. सगळ्यांच्या छातीवर छेद घेतला, पण रोहिण्या बांधल्या फक्त आठ जणांच्या. बाकीच्या नऊ जणांचे कातडे नुसते शिवून टाकले. कुणाचे काय केले ते रोग्यालाही ठाऊक नाही आणि नंतर तपासणाऱ्यालाही नाही. निकाल काय लागला? नुसत्या छेदाच्या रोग्यांनाही तितकाच आराम वाटला! ती शस्त्रक्रिया लवकरच बंद पडली. विश्वासाला केवढी ताकद असते, आणि ती डॉक्टरला किती सहज फसवते, ते त्या दिवशी उघड झाले.

पण या परीक्षेची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याला नुसताच छेद मिळू शकतो, हे त्या रोग्यांना सांगितलेले नव्हते. आपल्या मुंबईतही, १८९७ च्या प्लेगात, हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग तिची परीक्षा झाली ती भायखळ्याच्या तुरुंगात. कैदी आपण होऊन पुढे आले, असे म्हणतात. पण कुलपाआडच्या माणसाच्या 'हो'ला किती वजन द्यायचे? १९६४ साली हेलसिंकीला जागतिक वैद्यक संघटनेने नियम घातले, त्यात रोग्याला समजावून सांगून त्याची संमती घेणे ही मुख्य गोष्ट होती. परीक्षा सत्यासाठी असली, तरी ज्याच्या अंगावर ती होते तो माणूस आहे, हे कागदावर यायला एवढा काळ जावा लागला.

आता आपल्या आजीबाईच्या बटव्याकडे वळू. 'आमच्या वनस्पतींची अशी परीक्षा कोण करणार?' असे आपण अभिमानाने किंवा रागाने विचारतो. तर ती झाली आहे, आणि तिची सर्वांत मोठी गोष्ट आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी निगडित आहे.

सर्पगंधा हे लहानसे झुडूप. तिच्या मुळ्या साप चावल्यावर, झोप येत नसली तर, आणि वेड लागलेल्या माणसाला देत. बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' म्हणूनच ओळखत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की या मुळ्यांनी रक्तदाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळ्यांतली द्रव्ये वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिले. पण जगाने फारसे लक्ष दिले नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मात्र ही मुळी वर्षानुवर्षे रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ५० रोग्यांचा वृत्तांत इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. नुसते 'गुण येतो' असे न लिहिता रक्तदाबाचे आकडे मांडले, आणि आकड्यांना भाषा लागत नाही. बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचला आणि स्वतः परीक्षा करून पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे झाले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

गोष्ट इथेच संपवली तर टाळ्या मिळतील. पण खरी कसोटी पुढेच होती. रक्तदाब उतरला म्हणजे माणूस वाचतो, हे तरी कशावरून? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ पुरुष घेतले. त्यांच्या रक्तदाबाचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता. ७३ जणांना तीन औषधे एकत्र दिली, त्यांतले एक रेसरपिन. ७० जणांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. १९६७ साली निकाल आला. पोकळ गोळ्यांच्या गटात चौघे दगावले आणि गंभीर आघात धरून एकूण २७ जणांवर संकट आले. औषधाच्या गटात फक्त दोघांवर, आणि मृत्यू एकही नाही. रक्तदाबावर उपचार केल्याने प्राण वाचतात, हे जगाला पटले ते या परीक्षेने, आणि त्या गोळीत आपली सर्पगंधा होती.

तिचे दोषही त्याच वाटेने कळले. मोठ्या मात्रेने काही रोगी फार खिन्न होत, असे डॉक्टरांनी नोंदवले. मात्रा कमी केल्या गेल्या, पुढे अधिक सोयीची औषधे आली आणि रेसरपिन मागे पडले. १९७४ साली या औषधाने स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो, असा गवगवा झाला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो आरोप टिकला नाही. म्हणजे परीक्षेने तिचा गुण सांगितला, दोषही सांगितला, आणि खोटा आळ आला तो धुऊनही काढला. सर्पविषावरचा उतारा ही तिची कीर्ती मात्र खरी ठरली नाही. आज साप चावला तर मुळी शोधत बसू नये, रुग्णालय गाठून सर्पविषावरचे प्रतिविष टोचून घ्यावे. एकाच मुळीबद्दलच्या परंपरेत एक गोष्ट खरी निघाली, दुसरी नाही. सरसकट मान डोलावणाऱ्याला आणि सरसकट नाक मुरडणाऱ्याला, दोघांनाही हे कळले नसते.

ही हकिकत जुनी झाली, असे मात्र समजू नका. २०२० साली करोनाच्या साथीत आपण सगळ्यांनी किती औषधांची नावे ऐकली! हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी लोक दुकानोदुकानी धावले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हजारो रोग्यांच्या नावाने पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने रुग्णालयातल्या रोग्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. पण डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने श्वासयंत्रावरच्या रोग्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. आपल्याकडेही औषधांच्या अशा परीक्षा आधीच जाहीर नोंदवण्यासाठी २००७ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे. आधी नोंदवायचे अशासाठी, की निकाल नावडता लागला तर तो गुपचूप पेटीत टाकता येऊ नये.

तेव्हा आजीने काढा दिला तर तो खुशाल प्या. घसा शेकेल, बरे वाटेल, आणि आजीलाही बरे वाटेल. पण खोकला दोन आठवडे झाले तरी हटला नाही, तर काढा आणि बाटली दोन्ही बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करून घ्या. तो क्षय असू शकतो, आणि क्षयावरचा उपचार परीक्षेला उतरलेला आहे. आणि डॉक्टर असोत, वैद्य असोत, दंतवैद्य असोत की शेजारच्या काकू असोत, त्यांनी नवा उपाय सुचवला की आदराने एवढे अवश्य विचारा: "याने गुण येतो, हे कशावरून?" जाणता माणूस या प्रश्नाने रागावत नाही.