शार्को, मारी आणि टूथ : पायांपासून सुरू होणारा आजार

आज एका आजाराचा इतिहास पाहू. नाव शार्को-मारी-टूथ. ‘टूथ’ ऐकून दातांचं दुखणं समजू नका. ही तीन डॉक्टरांची आडनावं आहेत. आजार हातापायांच्या नसांचा आहे आणि बहुतेक वेळा तो आईवडिलांकडून मुलांकडे येतो.

१८८६ साल. पॅरिसच्या सालपेट्रिएर रुग्णालयातले प्रख्यात डॉक्टर शार्को आणि त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी पाच रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. आधी पावलं आणि पोटऱ्या वाळतात, पुढे काही वर्षांनी हात दुबळे होतात, आणि अनेकदा एकाच घरात हे दिसतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉवर्ड हेन्री टूथ या तिशीतल्या डॉक्टरने केंब्रिज विद्यापीठाच्या प्रबंधात हेच चित्र मांडलं.

निरीक्षण एकच, पण निष्कर्ष वेगळे. शार्को आणि मारी यांचा कल मज्जारज्जूकडे होता. टूथ म्हणाले, दोष मज्जारज्जूबाहेरच्या नसांमध्ये आहे. हुद्दा शार्कोंचा मोठा, पण उत्तर टूथ यांचं बरोबर निघालं. हेच टूथ पुढे बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत सैनिकांवर उपचार करायला गेले, हे मी फौजी म्हणून आवर्जून सांगतो.

नसांमध्ये नेमकं काय बिघडतं? फौजेतली टेलिफोनची तार डोळ्यांसमोर आणा. आत धातू, वर आवरण. १९६८ मध्ये अमेरिकेत डिक आणि लॅम्बर्ट यांनी नसांमधून संदेश किती वेगाने जातो हे मोजून आजाराचे दोन मुख्य प्रकार पाडले. निरोगी माणसाच्या हातात हा वेग सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा जास्त असतो. पहिल्या प्रकारात तो ३८ च्या खाली येतो, कारण आवरणच खराब असतं. दुसऱ्या प्रकारात वेग जवळपास ठीक असतो, पण आतली तारच झिजते.

१९९१ मध्ये आणखी एक गाठ सुटली. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात १७व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा दुप्पट झालेला असतो. त्यावरचं पीएमपी२२ हे जनुक नसेचं आवरण घडवायला मदत करतं. म्हणजे इथे काही हरवलेलं नाही. एक प्रत जास्त आहे, आणि तीच नडते.

या प्रकारात आई किंवा वडील, कुणाकडूनही दोष येऊ शकतो. प्रत्येक अपत्याला शक्यता निम्मी. कधी घरात कुणालाच नसताना तो नव्याने उद्भवतो. तेव्हा सुनेच्या माहेराला बोल लावणं किंवा पूर्वजन्माचं पाप शोधणं, दोन्ही सोडून द्या.

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण व्यायाम, घोट्याला आधार देणारी पट्टी, योग्य बूट आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी चालणं टिकवता येतं. निदान माहीत असणं आणखी एका कारणाने मोलाचं आहे : कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टीन हे औषध अशा रुग्णाच्या नसांचं मोठं नुकसान करू शकतं. डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

म्हणून मूल सारखं ठेचकाळत असेल, घोटा वरचेवर मुरगळत असेल, तर त्याला वेंधळं म्हणू नका. त्याची पावलं पाहा. तळव्याची कमान फार उंच आहे का? बोटं आखडलीत का? मग स्वतःची पावलं पाहा, आणि मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा.

जय हिंद.