दगड ओट्याचा, लाकूड सागाचे: आदिलाबादच्या स्वयंपाकघराचा एक इतिहास

आदिलाबाद जिल्ह्यातील जुन्या घरांत ओट्याखालच्या कपाटांचे सागवानी पल्ले खरवडून, त्यांवर नवे पॉलिश चढवून, मग त्या रंगाला साजेसा दगड वर बसवण्याची रीत आता दिसू लागली आहे. ही बाब वरवर केवळ आवडीनिवडीची वाटते; परंतु तिच्यामागे लाकूड आणि दगड यांच्या बदलत गेलेल्या मोलाचा मोठा इतिहास आहे. पूर्वी दगड आधी ठरत असे आणि लाकूड त्याच्या मापाने कापले जाई. आज लाकूड जपले जाते आणि दगड त्याच्यासाठी निवडला जातो. हा क्रम उलटा होण्यास जंगलाचे कायदे, रेल्वे, स्वयंपाकाचा गॅस आणि दगड कापण्याची यंत्रे अशा एरवी एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी कारणीभूत झाल्या.

हा प्रदेश निजामाच्या राज्यात प्रथम सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जाई व त्याचे ठाणे एदलाबाद, म्हणजे आजचे आदिलाबाद, येथे होते. १९०५ मध्ये त्याला जिल्ह्याचा दर्जा मिळाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे मराठी भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले, तर उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आणि २०१४ नंतर तेलंगणात राहिला. २०१६ मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. तरीही पैनगंगेच्या दक्षिणेकडील बेला, जैनथ, तलमडगू या भागांत मराठी बोलणारी वस्ती कायम राहिली, आणि तेथील घरांची मांडणी पैलतीरावरच्या यवतमाळ-चंद्रपूरच्या घरांहून फारशी वेगळी नाही.

या जिल्ह्याची प्रसिद्धी सागाची. निजामाच्या जंगल खात्याने राखीव जंगलांच्या सीमा आखल्या, तेव्हा साग ही सरकारी मालमत्ता ठरली, आणि डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड व कोलाम कुटुंबांना शेतीसाठी जमीन साफ करणे आणि घरासाठी लाकूड तोडणे हे दोन्ही गुन्हे झाले. त्या असंतोषातून कोमरम भीम यांचा लढा उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे या प्रदेशातील आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास सोपवला. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंपाकघराच्या इतिहासात हा प्रसंग आडवळणाचा वाटेल, पण तो टाळता येत नाही. ज्यांच्या अंगणाशी साग वाढत होता त्यांच्या चुलीजवळ बांबू आणि माती राहिली, आणि जो लिलावात बोली लावू शकत होता त्याच्या घरात सागाचे तुळई-दरवाजे गेले. गावातील देशमुख, व्यापारी आणि सरकारी नोकर यांच्या वाड्यांत जे सागवान दिसते, ते या विषमतेची निशाणी आहे, हे विसरून केवळ त्याच्या रंगाचे कौतुक करणे योग्य नव्हे.

दगडाची गोष्ट याच्या उलट आहे. जिल्ह्याचा पश्चिम व उत्तर भाग दख्खनच्या बेसाल्टने, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या दगडाने, व्यापलेला आहे. पाटा, वरवंटा आणि जाते याच काळ्या दगडाचे. मात्र बेसाल्टला थर नसतात. तो भेगांनुसार ठोकळ्यांत फुटतो, त्यामुळे छिन्नीने त्याची पातळ, रुंद फरशी काढणे फार कष्टाचे असते. फरशी सहज निघते ती थरांनी साचलेल्या चुनखडीच्या दगडातून. पैनगंगेच्या काठी चुनखडीचे साठे होते, पण त्यांचा उपयोग प्रामुख्याने चुना आणि पुढे सिमेंट यांसाठी झाला. आदिलाबादजवळ सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने उभारलेला कारखानाही याच खनिजावर आधारलेला होता. घरातली फरशी मात्र बाहेरून आली. गुलबर्गा भागातील शहाबाद हे त्या वेळी हैदराबाद राज्यातच होते व रेल्वेमार्गावर होते, म्हणून तेथील करडी शहाबादी राज्यभर पसरली. तांडूरची फरशीही अशीच प्रसिद्ध. पण ते तांडूर विकाराबादकडील, सिरपूर-तांडूरमधले नव्हे, हा घोळ जुने कागद वाचताना हमखास होतो. तिसरा दगड म्हणजे काळा कडप्पा, रायलसीमेतील कडप्पा-कर्नूल भागातील खाणींचा. दगडालाच त्या गावाचे नाव मिळाले आणि मराठी घरांत ‘कडप्पा’ म्हणजे ओटा असे समीकरण झाले.

ओटा मात्र दगडाइतका जुना नाही. बराच काळ स्वयंपाक जमिनीवर बसून, मातीच्या चुलीवर होत असे, आणि उंच काही असेल तर ती पाण्याच्या हंड्यांची माची. धुराचा त्रास जाणवत होताच. हैदराबाद इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीजचे एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघराविषयी पुस्तिका लिहिली व एकाच जाळावर अनेक भांडी ठेवता येतील अशी, धुराडे असलेली मातीची चूल सुचवली. ती चूल सर्वत्र पसरली नाही, पण स्वयंपाकघर ही अभियंत्याने विचार करण्याजोगी जागा आहे हे तिने दाखवून दिले. स्वयंपाक करणाऱ्या बाईला खरोखर उभे केले ते गॅसने. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ठेवावी असा सुरक्षेचा नियम आहे, आणि तो पाळायचा तर ओटा बांधणे भाग पडते. शहरातील नोकरदार घरांत हा बदल आधी झाला. १९९९ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने ‘दीपम’ योजनेखाली बचत गटांतील स्त्रियांच्या गॅस जोडणीची अनामत रक्कम भरली. सरपणासाठी होणारी जंगलतोड कमी व्हावी हाही त्या योजनेचा एक हेतू होता. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेने गॅस आणखी खालच्या थरापर्यंत नेला, जरी सिलिंडरच्या किमतीमुळे अनेक घरांत चूल अजून विझलेली नाही.

हा ओटा बांधण्याची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी निवड तिच्यावर अवलंबून आहे. गवंडी प्रथम कडप्प्याचे उभे पट्टे भिंतीत अडकवून त्यांचे पाय करतो, मधोमध कडप्प्याचाच आडवा कप्पा बसवतो आणि त्यांवर सुमारे दोन फूट रुंदीची फरशी टाकतो. म्हणजे सारा भार दगडच दगडावर पेलतो. पुष्कळ घरांत खालचे कप्पे उघडेच असत किंवा त्यांवर दोरीने पडदा सोडलेला असे; घरात पैसा आला की सुतार बोलावून त्या पोकळीला सागाची चौकट आणि पल्ले लावले जात. युरोपात याच्या उलट घडले. वास्तुविशारद मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी आखलेल्या स्वयंपाकघरात लाकडी कपाटे हाच गाभा होता आणि वरचा पृष्ठभाग त्यांवर टेकलेला होता. आजचे मॉड्युलर किचन त्याच घराण्यातले. त्या पद्धतीत कपाट बदलले की वरचा थर बदलतो. आदिलाबादच्या ओट्यात लाकूड केवळ दार आहे, त्यामुळे पल्ले काढून, रंधून, पॉलिश करून पुन्हा लावले तरी दगडाला धक्का लागत नाही, आणि दगड बदलायचा तर लाकूड सुखरूप ठेवता येते. बाहेरच्या मासिकांतील सल्ले येथे बहुधा गैरलागू ठरतात ते यामुळेच.

दगडाच्या बाजूने मोठा बदल घडवला तो ग्रॅनाइटने. ग्रॅनाइट चुनखडीपेक्षा कितीतरी कठीण. हिऱ्याच्या कणांचे पाते आणि मोठे करवतयंत्र सर्रास मिळू लागेपर्यंत तो स्वयंपाकघरात येणे शक्य नव्हते. गोदावरीपलीकडचा करीमनगर जिल्हा या उद्योगाचे केंद्र बनला आणि तेथील तपकिरी-लालसर ठिपक्यांचा ‘टॅन ब्राऊन’ परदेशातही जाऊ लागला. जो दगड एकेकाळी शेकडो मैलांवरून येई त्याच्या जागी शेजारच्या जिल्ह्यातला, अधिक टिकाऊ दगड आला. त्याच काळात सागवान मात्र जंगलबंदी आणि वाढत्या किमतीमुळे दुर्मीळ झाले. जुने वाडे पाडताना निघालेले दरवाजे कापून त्यांचे कपाटाचे पल्ले करण्याचा उद्योग याच टंचाईतून आला. जुन्या पल्ल्यांना पॉलिश करण्यामागेही तेच गणित आहे, आठवणींची ओढ त्यानंतरची.

रंगाची निवड करताना पॉलिशचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. जुना लेप काचकागदाने काढल्यावर साग फिका, मधाच्या रंगाचा दिसतो. प्रकाशात काही महिने राहिला की तो गडद होतो, म्हणून ताज्या पल्ल्याशेजारी पसंत केलेला दगड पुढे वेगळाच भासतो. लाखेच्या, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या पॉलिशने लालसर झाक येते, पण ते ओलाव्याने व उष्णतेने पांढुरके पडते. शेगडीजवळ मेलामाइन किंवा पीयू हे कृत्रिम लेप अधिक टिकतात. टॅन ब्राऊन सागाशी जुळतो असे दुकानात सांगितले जाते. परंतु त्याचे लाल ठिपके आणि सागाच्या रेषा एकाच छटेत भांडतात, आणि लाकूड मागे पडते. एकरंगी काळा किंवा करडा दगड लाकडाला पुढे येऊ देतो. पांढऱ्या दगडाचा मोह हळदीच्या पहिल्या डागापर्यंत टिकतो. कडप्पा काळा असला तरी चुनखडीचा असल्याने चिंच आणि लिंबाच्या आंबटाने त्याची झिलई जाऊन पांढरट खुणा उमटतात; ग्रॅनाइटवर असे आम्ल सहसा परिणाम करत नाही.

म्हणूनच अनेक घरांत आता मधला मार्ग निघाला आहे: कडप्प्याचे पाय आणि वरची जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावर ग्रॅनाइटचा पाऊण इंची थर चिकटवायचा. ओटा तेवढाच उंच होतो. समोरच्या कडेची गोलाई पुढे किती आणायची हे आधी ठरवले नाही, तर पॉलिश केलेला पल्ला उघडताना तिला घासतो. सुतार आणि गवंडी यांना एकाच दिवशी बोलावून माप घेणे हाच त्यावरचा उपाय. पण पाट्यावरच्या फुलपात्रात लाख कालवणारा कारागीर आणि डायमंड पात्याने दगड कापणारा कारागीर सहसा वेगवेगळ्या आठवड्यांत येतात, आणि माप चुकले तर रंधा फिरतो तो सागावरच, कारण बसवलेला ग्रॅनाइट पुन्हा उचलला की बहुधा तुटतो.