कीलेण्णे ते इंजिन ऑइल : एका टक्क्याचा इतिहास

बैलगाडीच्या आसाला घालायच्या तेलाला आपण घरात वंगण म्हणतो, तर शेजारचा कन्नड शेतकरी कीलेण्णे म्हणतो. कीलू म्हणजे खीळ किंवा सांधा आणि एण्णे म्हणजे तेल. शब्द दोन, पण काम एकच. वंगण सरले की आस कुरकुरू लागे, गाडी जड होई आणि बैल वेळेआधी दमत. तेलाने ओढ हलकी होते हे ज्ञान इतके जुने आहे की ते प्रथम कोणाला सुचले हे विचारण्यात अर्थ नाही. प्रश्न उरतो तो मापाचा. ओढ हलकी होते खरी, पण किती? आज गाडीमालक गॅरेजमधल्या मिस्त्रीला विचारतो, "ऑइल बदलले तर ॲव्हरेज वाढेल का?" तेव्हा तो हाच जुना प्रश्न नव्या मापात विचारत असतो.

ह्या प्रश्नाचा इतिहास आपल्या मातीपासून फार दूर नाही. वंगणासाठी एरंडेल, म्हणजेच कन्नडमधले हरळेण्णे, पूर्वापार वापरात होते. निझामाच्या हैदराबाद संस्थानात एरंडीचे पीक मोठे होते. बिदरी कामाचा साचा घडवणारे कारागीरही मातीत राळ आणि एरंडेल मिसळून ती मऊ करीत आले. हेच तेल युरोपात मोटारीच्या इंजिनात गेले. इंग्लंडच्या वेकफिल्ड कंपनीने १९०९ साली एरंडेल घातलेले वंगण बाजारात आणले आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून त्याला 'कॅस्ट्रॉल' असे नाव दिले. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांची फिरती इंजिने एरंडेलावरच चालत. पुढे खनिज तेल स्वस्त झाले, शुद्धीकरण सुधारले आणि एरंडेल मागे पडले. नाव मात्र डब्यावर राहिले.

तेल पातळ की घट्ट, हे पूर्वी हाताच्या बोटांनी ठरे. १९११ साली अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एस.ए.ई.ने, घट्टपणाला आकडे दिले. ३० नंबरपेक्षा ४० नंबर घट्ट. १९५० च्या दशकात 'मल्टिग्रेड' तेले आली. २०डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू'सह येणारा पहिला आकडा हिवाळ्यातील थंड इंजिनाचा, तर दुसरा तापलेल्या इंजिनाचा. थंडीत पातळ राहणारे आणि तापल्यावर फार पातळ न होणारे तेल, अशी ही दुहेरी सोय.

आपल्या रस्त्यांवर हिशेबाने चालणारी मोटार आली ती निझामाच्या रेल्वेमागून. निझाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये आपला रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. तेव्हा गाड्या होत्या २७ आणि नोकर १६६. अल्बियन कंपनीच्या त्या बसगाड्या होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन तुकडे झाले. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद, हुमनाबाद आणि बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. गाड्याही वाटल्या गेल्या. म्हैसूरच्या वाहतूक खात्याचे १९६१ साली महामंडळ झाले, १५ ऑगस्ट २००० पासून गुलबर्ग्याचे ईशान्य महामंडळ वेगळे निघाले आणि २०२१ साली त्याला कल्याण कर्नाटक हे नाव मिळाले. सरकारे बदलली, पाट्यांची लिपी बदलली, पण डेपोतील एक नोंद दोन्ही बाजूंना सारखीच राहिली : एका लिटरला किती किलोमीटर. कोणत्या गाडीने आणि कोणत्या चालकाने किती डिझेलमध्ये किती अंतर कापले, याचा हिशेब तिथे मांडला जातो. टाकीत घातलेल्या डिझेलाप्रमाणेच इंजिनात वरून ओतलेल्या ऑइलचीही नोंद होते.

तरीही तेल बदलून इंधन वाचवावे, हा विचार जगभर जोराने पुढे आला तो १९७३ नंतर. त्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाली. १९७५ साली अमेरिकेने कायदा करून मोटार कंपन्यांना सरासरी ॲव्हरेजची अट घातली. आपल्याकडे १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था, म्हणजे पीसीआरए, स्थापन झाली. कंपन्या इंजिनातला एकेक अडथळा मोजू लागल्या आणि तेल पातळ करणे हा त्यांना सर्वांत स्वस्त उपाय दिसला. ४० वरून ३०, ३० वरून २० असा प्रवास झाला. २०१३ साली एस.ए.ई.ने १६ नंबरलाही मान्यता दिली. भारतातही २०१७-१८ पासून कंपन्यांना सरासरी इंधनखर्चाची मर्यादा लागू झाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेट्रोलमधली बहुतेक शक्ती उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. इंजिनाच्या आतल्या घर्षणात साधारण दहावा हिस्सा खर्च होतो. म्हणजे १०० रुपयांच्या पेट्रोलमधले १० रुपये घासण्यात गेले. पातळ तेलाने त्या घर्षणाचा दहावा भाग वाचला, तर वाचला एक रुपया. अमेरिकन सरकारची माहितीही हेच सांगते : ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० घातले, तर ॲव्हरेज १ ते २ टक्क्यांनी घटते. उत्तर 'होय' असेच आहे, पण ते 'होय' एवढेसे आहे.

शिवाय ते थंड मुलखातले आहे. पातळ तेलाचा मोठा फायदा इंजिन गार असताना, पहिल्या काही किलोमीटरांत मिळतो. ज्या कलबुरगीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे तो आणखी आखडतो. आणि आपल्याकडे अनेक घरांत येणारी गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची असते. घट्ट तेलासाठी बनवलेल्या, रिंगा झिजलेल्या इंजिनात ॲव्हरेजच्या मोहाने फार पातळ तेल घातले, तर ते रिंगांवरून वर चढून जळते, निळसर धूर येतो आणि पातळी खाली गेल्याचे कळेपर्यंत बेअरिंग खराब होऊ शकतात. मग पेट्रोलही गेले, ऑइलही गेले आणि हाती इंजिनकामाचे बिल आले. आपल्या म्हणीतले धुपाटणे ते हेच.

मग कंपन्या ह्या एका टक्क्यामागे इतक्या का धावतात? टक्का कोणाच्या हिशेबातला आहे, यावर सारे अवलंबून आहे. समजा एका डेपोत १०० गाड्या आहेत, प्रत्येक रोज ३०० किलोमीटर धावते आणि लिटरला ५ किलोमीटर देते. रोजचे डिझेल झाले ६,००० लिटर. त्याचा एक टक्का रोज ६० लिटर, म्हणजे वर्षाला जवळजवळ २२ हजार लिटर. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला तर तो एक टक्का कायद्याच्या अटीत बसवतो. आता घरची मोटार घ्या. वर्षाला १०,००० किलोमीटर, लिटरला १५. पेट्रोल लागले ६६७ लिटर. त्याचा एक टक्का साडेसहा लिटर. लिटरला १०० रुपये धरले, तर वर्षाकाठी साडेसहाशे रुपये. महाग सिंथेटिक तेलाच्या डब्याची जादा किंमत बहुधा एवढ्यातच संपते. मोठ्या हिशेबातला फायदा लहान घराला जसाच्या तसा मिळत नाही.

म्हणून गाडीच्या पुस्तकात जो नंबर छापला आहे, तोच घालावा. त्यात महागडे तेल घेतले तर इंजिनाच्या आयुष्यासाठी घ्यावे, पेट्रोल वाचेल म्हणून नव्हे. पेट्रोल वाचवायचे असेल तर पीसीआरए वर्षानुवर्षे सांगत आली ते ऐकावे : वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, टायरमध्ये पुरेशी हवा, उभ्या गाडीचे इंजिन बंद. यांतल्या एकालाही डबा विकत घ्यावा लागत नाही. बैलगाडीवाल्यालाही हे ठाऊक होते. वंगण तो आस टिकावा म्हणून घाली. बैल दमू नयेत म्हणून मात्र तो ओझे बेताचे भरी आणि चढावर स्वतः खाली उतरून चाले.