विचारलेल्या प्रश्नांचा इतिहास : धम्मदिन्ना थेरी ते आंबेडकरी चळवळीतील स्त्रिया

मज्झिम निकायातील चूळवेदल्ल सुत्त हे एका मुलाखतीचे सुत्त आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. तथागत राजगृहाच्या वेळुवनात विहार करीत असताना विशाख नावाचा उपासक धम्मदिन्ना थेरीकडे जातो, वंदन करून एका बाजूस बसतो आणि तिला प्रश्न विचारू लागतो. सक्काय कशाला म्हणतात, अष्टांगिक मार्ग संस्कृत की असंस्कृत, वेदना किती प्रकारच्या, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि थेरी प्रत्येकाचे नेमके उत्तर देते. शेवटी निब्बाणाच्याही पलीकडचे काही विचारू पाहणाऱ्या विशाखाला ती थांबवते. 'प्रश्नांची मर्यादा तू ओलांडलीस, हवे तर भगवंतांना विचार,' असा तिच्या सांगण्याचा आशय आहे. विशाख तथागतांकडे जाऊन सारा संवाद निवेदन करतो. तथागत धम्मदिन्नेच्या प्रज्ञेचा गौरव करतात आणि मला विचारले असते तर मीही हेच उत्तर दिले असते, असा निर्वाळा देतात.

हा विशाख गृहस्थ जीवनात धम्मदिन्नेचा पती होता, असे अट्ठकथा सांगते. हा तपशील लक्षात घेतला की सुत्ताचे ऐतिहासिक महत्त्व अधिक उठून दिसते. पतीने पत्नीच्या पायाशी बसून तिला प्रश्न विचारावेत, तिचे उत्तर शास्त्याने प्रमाण मानावे आणि संघाने ते शब्दशः जतन करावे, ही घटना सामान्य नव्हे. संयुत्त निकायात याच जातीचा आणखी एक प्रसंग आहे. साकेत आणि श्रावस्ती यांच्या दरम्यान तोरणवत्थू येथे मुक्कामास असलेला कोसलनरेश पसेनदी, आज आपण कोणाचा सत्संग करावा, अशी चौकशी करवतो. सेवकाला त्या गावी योग्य असा श्रमण किंवा ब्राह्मण आढळत नाही. आढळते ती खेमा थेरी. राजा तिच्याकडे जातो, तथागताच्या मरणोत्तर स्थितीविषयी विचारतो आणि ती त्यालाच उलट विचारते, की गंगेची वाळू मोजणारा कोणी गणक तुझ्या पदरी आहे काय? पुढे राजा तोच प्रश्न तथागतांना विचारतो आणि त्याला तेच उत्तर मिळते.

या दोन्ही प्रसंगांत एक समान सूत्र आहे. त्या स्त्रियांची थोरवी आज आपल्याला ज्ञात आहे, कारण कोणीतरी त्यांना विचारले आणि कोणीतरी ते ऐकून ठेवले. प्रस्तुत लेखाचा विषय हे विचारणे आणि हे ऐकून ठेवणे हाच आहे. ज्यांना कोणी विचारलेच नाही, त्यांच्या कार्याचे इतिहासात काय होते, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीच्या बाबतीत आजही जिवंत आहे.

खुद्दक निकायातील थेरीगाथा हा ग्रंथ या दृष्टीने पाहावयास हवा. सोळा निपातांत विभागलेल्या त्यातील गाथांतून स्त्रियांनी स्वतःच्या जीवनप्रवासाचे निवेदन केले आहे. पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. मालकिणीच्या शिक्षेच्या भयाने कडाक्याच्या थंडीतही नदीत उतरणे तिच्या नशिबी आलेले. स्नानाने पाप धुऊन निघते या समजुतीने त्याच थंड पाण्यात कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, की मला तर भीती पाण्यात उतरवते, तू कोणाच्या भीतीने उतरलास? पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक, कासवे आणि मगरी आधी स्वर्गाला जातील, हा तिचा युक्तिवाद आहे. पाण्याचे ओझे जन्मभर वाहिलेल्या स्त्रीलाच तो सुचावा, हे स्वाभाविक होय.

पटाचारेची कथा सर्वश्रुत आहे. पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ गमावून उन्मत्त झालेली ही स्त्री पुढे इतर दुःखी स्त्रियांची मार्गदर्शक झाली. थेरीगाथेत तीस थेरींच्या गाथा एकत्र येतात. त्या तिघींचौघींच्या नव्हे तर तीस जणींच्या मुखातून पटाचारेच्या उपदेशाचे स्मरण येते. नेतृत्व या शब्दाचा येथे जो अर्थ दिसतो, तो अधिकारपदाशी निगडित नाही. आपल्या दुःखातून जी इतरांना उभे करते ती नेती, एवढाच तो अर्थ आहे. पुढील विवेचनासाठी हा अर्थ ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आता विसाव्या शतकाकडे वळू. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत स्त्रिया आरंभापासून होत्या. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्यातही स्त्रिया होत्या. नागपूर येथे २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वास बंदी यांची मागणी करणारे ठराव त्या परिषदेत संमत झाले. हिंदू कोड बिलाचा वाद देशभर पेटण्याच्या कितीतरी आधी कष्टकरी स्त्रियांच्या सभेने ही मागणी केली होती, हे विसरून चालणार नाही.

या घटना लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत. १९२७ मध्ये सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' आणि १९३० मध्ये सुरू झालेली 'जनता' ही पत्रे नसती, तर त्यांतील बहुतेक माहिती लोपली असती. परंतु वृत्तपत्राची एक मर्यादा असते. ते सभेचा दिवस, अध्यक्षांचे नाव आणि ठरावांचा मजकूर देते. सभेला स्त्रिया मोठ्या संख्येने उपस्थित होत्या, एवढे एक वाक्य त्यात येते. त्या वाक्यातील एकेक स्त्री घरून कशी निघाली, तान्हे मूल कोणाकडे ठेवले, गाडीभाड्याचे पैसे कोठून आणले, परतल्यावर घरी काय ऐकून घेतले, हे वृत्तपत्र सांगत नाही. ते सांगू शकते फक्त ती स्त्री, आणि तीही कोणी विचारले तर.

हे विचारण्याचे काम उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी केले. त्यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. जुन्या पत्रांतून आणि कागदपत्रांतून मिळालेला वृत्तान्त एका बाजूला आणि चळवळीत काम केलेल्या स्त्रियांच्या प्रत्यक्ष भेटींतून उभी राहिलेली जीवनचित्रे दुसऱ्या बाजूला, अशी त्याची रचना आहे. मीनाक्षी मून 'आम्ही मैत्रिणी' या नियतकालिकाच्या संपादिका. उर्मिला पवार कथालेखिका. दोघींपैकी कोणीही विद्यापीठातील इतिहासाच्या प्राध्यापिका नव्हत्या. तरीही स्त्रियांच्या इतिहासाचा कोणताही अभ्यासक आज हा ग्रंथ वगळून पुढे जाऊ शकत नाही. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर तो महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांपर्यंतही पोहोचला.

ग्रंथाच्या नावातील 'आम्हीही' या शब्दातील 'ही' हे अव्यय विचारात घेण्यासारखे आहे. त्यात तक्रार आहे आणि दावाही आहे. ज्या स्त्रियांनी भाकरी बांधून परिषदा गाठल्या, वस्तीवस्तीतून वर्गणी गोळा केली, मुलींसाठी शाळा आणि वसतिगृहे चालविली, त्यांना कोणी नेत्या म्हटले नव्हते. नागपूरच्या जाईबाई चौधरींचे उदाहरण घ्यावे. ओझी वाहून पोट भरणारी ही स्त्री पुढे लिहावाचायला शिकली, शिक्षिका झाली आणि तिने मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. पटाचारेच्या संदर्भात नेतृत्वाचा जो अर्थ वर सांगितला, तो येथे जसाच्या तसा लागू पडतो.

संवादातून इतिहास कसा हाती येतो, याची आणखी दोन उदाहरणे देणे उचित होईल. नाशिकच्या शांताबाई दाणी या दादासाहेब गायकवाडांच्या सहकारी. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कार्यात आणि भूमिहीनांच्या सत्याग्रहात त्या अग्रभागी होत्या. पुढे त्या विधान परिषदेच्या सदस्याही झाल्या. त्यांचे 'रात्रंदिन आम्हां' हे आत्मकथन भावना भार्गवे यांनी शब्दांकित केले आहे. म्हणजे त्याच्या मुळाशी एक सांगणारी आहे आणि एक ऐकणारी. भाषणे करण्याची सवय असलेल्या नेत्यालाही स्वतःविषयी बोलते करण्यासाठी समोर कोणीतरी शांतपणे बसावे लागते, हे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे. त्यांचे 'जिणं आमुचं' हे दलित स्त्रीच्या आत्मकथनांतील आद्य पुस्तकांपैकी एक. वाड्यातील दैन्य, अंधश्रद्धा, सासुरवास आणि बाबासाहेबांच्या हाकेने झालेले परिवर्तन यांचे त्यात विलक्षण चित्र आहे. मात्र लेखिकेचा स्वतःचा संसार त्यात फारसा येत नाही. येतो तो सारा समाज. माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासोबत त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखतही छापली आहे. त्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितले, की आपले लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. घरच्या छोट्या दुकानात पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतून आपण वाचन केले, हेही सांगितले. पतीच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयीही त्या बोलल्या. पुस्तकाने जे सांगितले नाही ते प्रश्नाने बाहेर आणले. समाजाची व्यथा मांडताना स्वतःची व्यथा बाजूला ठेवणाऱ्या पिढीचा हा स्वभाव होता. तो दोष नव्हे. परंतु इतिहासलेखकाने तो ओळखला नाही, तर त्याच्या हाती अर्धेच सत्य लागेल.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. वृद्धापकाळी सांगितलेल्या आठवणी कितपत विश्वसनीय मानाव्यात? स्मृती साल चुकवते, दोन परिषदांची एक परिषद करते, पुढे ऐकलेले भाषण स्वतः ऐकल्यासारखे सांगते. हा आक्षेप रास्त आहे. त्यावरचा उपाय मात्र आठवणी टाकून देणे हा नाही. तारखा आणि ठराव यांसाठी 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि १९५६ पासूनचे 'प्रबुद्ध भारत' पडताळून पाहावेत. अनुभवासाठी मात्र त्या स्त्रीलाच प्रमाण मानावे. सभा मंगळवारी होती की बुधवारी, हे ती चुकेल. सभेला जाण्यासाठी कोणते लुगडे उसने आणले, हे ती सहसा चुकत नाही. कालाम सुत्तातील शिकवणही हीच आहे. केवळ परंपरेने आले म्हणून स्वीकारू नये, पारखून घ्यावे. परंतु पारखण्यासाठी आधी ते हाती असावे लागते.

आणि ते हाती राहण्याचा काळ आता संपत आला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा ऐतिहासिक सोहळा झाला. त्या दिवशी जी मुलगी पंधरा वर्षांची होती, तिने आज वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. १९४२ च्या महिला परिषदेत विशीत असलेल्या कार्यकर्त्या तर जवळजवळ सर्व काळाच्या पडद्याआड गेल्या. शांताबाई दाणी २००१ मध्ये आणि बेबीताई कांबळे २०१२ मध्ये निवर्तल्या. त्यांना वेळेवर विचारले गेले म्हणून त्या आपल्यात आहेत. अशा असंख्य स्त्रिया गावोगावी होत्या, ज्यांना कोणीच विचारले नाही. त्यांच्याबरोबर त्यांचा इतिहासही गेला.

म्हणून विहारांशी निगडित असलेल्या अभ्यासकांसमोर आणि तरुण उपासक-उपासिकांसमोर एक साधे कार्य आहे. आपल्या वस्तीतील ज्येष्ठ स्त्रीजवळ बसावे. 'तुमचे योगदान काय,' असा भारदस्त प्रश्न तिला विचारू नये. त्याचे उत्तर बहुधा 'मी कुठं काय केलं' असेच येईल. त्याऐवजी घरातील देव कोणी आणि कधी विसर्जित केले, त्या दिवशी सासू काय म्हणाली, पांढरे लुगडे कोठून मिळाले, पहिल्यांदा त्रिशरण कोणाकडून शिकलात, मुलीला शाळेत घालताना घरात कोण आडवे आले, असे लहान प्रश्न विचारावेत. उत्तरे तिच्याच बोलीत लिहून घ्यावीत. ती प्रमाण भाषेत सुधारून घेऊ नयेत, कारण तिची बोली हाही पुरावाच आहे. घरातील पुरुष मंडळी तिच्या वतीने बोलू लागली, तर त्यांचे म्हणणे नम्रपणे वेगळे नोंदवावे. लिहिलेले तिला वाचून दाखवावे आणि जे छापू नये असे ती म्हणेल ते छापू नये.

विशाखाजवळ एका गोष्टीची जाण होती. ज्ञान जेथे आहे तेथे जाऊन, वंदन करून, एका बाजूस बसावे लागते. मग ते ज्ञान आपल्याच घरातून उठून गेलेल्या स्त्रीचे का असेना. धम्मदिन्नेने उत्तर दिले, कारण विशाखाने प्रश्न विचारला. आपल्या घराघरांत अजूनही काही उत्तरे शिल्लक आहेत. प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपली आहे, आणि ती पुढच्या वर्षावासापर्यंत लांबणीवर टाकण्याइतका अवधी त्यांच्यापाशी असेलच असे नाही.