शेवटचा हात

घरातले बांधकाम 'झाले' असे नेमके केव्हा म्हणायचे? गवंडी म्हणतो, फरशा बसल्या की झाले. सुतार म्हणतो, कप्प्यांना दारे लागली की झाले. घरातली बाई मात्र तेव्हाही मान हलवते. साखरेच्या डब्यात सिमेंटची कचकच न लागता पहिला चहा ओट्यावर होईल, तेव्हा तिच्या लेखी काम झाले. इतिहास लिहिणारे बहुतेक वेळा गवंडी-सुताराच्या बाजूने उभे राहिले आहेत. वास्तू कोणी उभारली, केव्हा उभारली, खर्च किती आला, याच्या नोंदी मिळतात. ती राहण्याजोगी कोणी केली, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

यंदा आमच्या बावर्चीखान्याचे काम धाकट्या भावाने आणि मी घरच्या घरी केले. नळाचे आणि विजेचे काम तेवढे जाणकाराकडून करून घेतले. फरशा, ओटा आणि कप्पे यांना जितके दिवस लागले, जवळपास तितकेच दिवस पुढच्या किरकोळ म्हणवल्या जाणाऱ्या कामांना लागले. फरशांचे सांधे भरायचे, त्यावरचा धुरकट थर पुसायचा, ओटा आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिलिकॉनची रेघ ओढायची, पुट्टी घासायची, रंगाचे शिंतोडे खरवडायचे, आणि सगळ्या घरभर बसलेली पांढरी धूळ काढायची. हातात ओला स्पंज असताना डोके मोकळे असते. या प्रत्येक कामामागे केवढा इतिहास आहे, हे मला तेव्हा जाणवू लागले.

सुरुवात चुन्यापासून करू. सिमेंट येण्याआधी दख्खनमधल्या पुष्कळ चांगल्या भिंती चुन्यावर उभ्या होत्या. आपल्या किल्ल्यांवर फिरताना दगडात कोरलेला गोल चर आणि त्यात पडलेले जड दगडी चाक दिसते. ती चुन्याची घाणी. बैल जुंपून त्यात चुना आणि वाळू मळली जाई. कामाप्रमाणे त्यात गूळ, हिरडा, बेलफळ असे पदार्थ पडत. पण चुना भिंतीवर लावला म्हणजे काम संपत नसे. खरे कौशल्य घोटाईत होते. शेवटचा बारीक थर ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने तासन्‌तास घासायचा, तोवर की त्याला संगमरवरासारखी झळाळी यावी.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच मराठवाड्यात आहे. औरंगाबादेतला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातला, बीबी का मकबरा. १६५७ साली वारलेल्या दिलरस बानू बेगमेची ही कबर. लोक तिला ताजमहालाची गरीब नक्कल म्हणतात, कारण संगमरवर घुमटाला आणि खालच्या भागाला आहे, बाकी बराचसा डोलारा दगडावर चुन्याच्या गिलाव्याचा. मला ही टीका उलटी वाटते. जिथे संगमरवर संपला, तिथून हातांचे काम सुरू झाले. मुख्य दरवाजावरच्या लेखात वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. एक मुसलमान, एक हिंदू, दोघांची नावे शेजारी. ही आनंदाची गोष्ट आहे. पण तो गिलावा घोटून चमकवणाऱ्या एकाचेही नाव तिथे नाही, आणि नाव नसलेल्या त्या हातांमुळेच दुरून पाहणाऱ्याला तो सगळा संगमरवर वाटतो.

पुढे सिमेंट आले. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट बाहेर पडू लागले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावून लवकर घट्ट होते. वेग वाढला तसा शेवटच्या हाताला मिळणारा वेळ कमी झाला. फरशीचे सांधे भरताना हे लगेच कळते. ग्राउट थोडे आवळले की घट्ट पिळलेला स्पंज सांध्याला तिरका फिरवावा लागतो. सरळ फिरवला तर सांध्यातला माल बाहेर ओढला जातो. उशीर केला तर फरशीवर पांढरा थर धरतो. तो दुसऱ्या दिवशी कोरड्या कपड्याने निघतो, पण आठवड्याने निघत नाही.

मग दुकानदार अ‍ॅसिडची बाटली पुढे करतो. इथे दोन गोष्टी सांगणे मला गरजेचे वाटते. आपल्या जुन्या घरांतला काळा कडप्पा आणि शहाबादी फरशी, दोन्ही चुनखडकाच्या जातीच्या. चुना आणि अ‍ॅसिड यांचे हाडवैर आहे. फेस येतो, दगडाची चमक जाते आणि परत येत नाही. दुसरे म्हणजे अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बावर्चीखान्यात तो जिवावर बेतू शकतो.

सफाईचा हा इतिहास नेहमी इतका घरगुती नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर सरकारी पथके घराघरांत शिरू लागली. भिंतींना चुना, जमिनीवर कार्बोलिक, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले काढलेली, सामान रस्त्यावर. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर तशी अक्षरे रंगवली गेली. पुण्यात १८९७ साली रँडच्या कारभारात गोरे सोजीर स्वयंपाकघरापर्यंत आणि देवघरापर्यंत गेले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी काय झाले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. मदनपुऱ्यात विणकर मुसलमानांच्या, जुलाह्यांच्या वस्तीत, तपासणी पथक एका आजारी मुलीसाठी आले. घरच्यांनी विरोध केला, गर्दी जमली, दंगल उसळली, गोळीबार झाला.

प्लेगच्या काळात सफाई हवीच होती. चुना मारणे हा काही जुलूम नाही. आपल्याकडे ईदच्या आधी घराला चुना लावायची रीत होतीच. मदनपुऱ्यातल्या आणि पुण्यातल्या माणसांना जे झोंबले, ते चुन्यापेक्षा तो लावण्याची तऱ्हा. ज्यांना त्या घरात राहायचे नव्हते, ज्यांनी तिथे एक भाकरी थापली नव्हती, ते हुकूम देत होते. 'तुम्ही घाणेरडे आहात' हा ठपका त्या प्रत्येक कुंच्याच्या फटकाऱ्यात होता. आपल्या बोलण्यात 'साफ' आणि 'पाक' असे दोन वेगळे शब्द आहेत. शेजारच्या घरात 'स्वच्छ' आणि 'सोवळे' आहेत. सरकारी पथकाकडे एकच शब्द होता आणि तो त्यांच्याच भाषेतला होता. दाट वस्त्यांत माणसे कोंबली गेली, त्यांना पाणी आणि गटार पुरेसे मिळाले नाही, याचा जाब मात्र त्या चुन्याखाली झाकला गेला. त्याच १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रस्ते रुंद झाले, चाळी उभ्या राहिल्या. गोरगरिबांची किती घरे त्यात पडली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

युरोपातही रोगजंतूंच्या भीतीने स्वयंपाकघर बदलत होते. धुता येईल असा पृष्ठभाग, कमीत कमी सांधे, सगळे हाताशी. याचे नावाजलेले रूप म्हणजे १९२६ चे फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईंनी कामगारांच्या घरांसाठी ते आखले. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची खोली, आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. कप्प्यांना निळा रंग, कारण माश्या निळ्यावर बसत नाहीत अशी समजूत. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, म्हणजे कीड लागू नये. आपल्या आजच्या ट्रॉल्या आणि ओटे याच घराण्यातले. पण तिथेही एक गोम होती. ती खोली एकाच माणसापुरती होती, आणि तो माणूस म्हणजे बाई, हे गृहीत होते. पावले वाचली, पण मदतीला दुसरे कोणी उभे राहील एवढी जागा उरली नाही. पुढे तिच्यावर टीका झाली ती यासाठीच.

आमची दादी जमिनीवर बसून चुलीपुढे रांधायची. रात्री निखारे विझले की ती चुलीला मातीचे पोतेरे फिरवायची. सकाळी चूल नवी दिसायची. तिच्या बावर्चीखान्याला 'फिनिशिंग' नावाचा शेवटचा टप्पाच नव्हता. ते काम रोजचे होते. भांड्यांचेही तसेच. तांब्याच्या पातेल्याला कल्हई वर्षातून कितीदा तरी लागे. गल्लीत कल्हईवाला भाता लावून बसे, नवसागराचा पांढरा धूर उठे आणि कापसाच्या बोळ्याने कथील सरसर पसरे. हा धंदा करणारे पुष्कळजण आपल्याच समाजातले होते. आईन-ए-अकबरीत नोंद आहे की, बादशहाच्या वापरातल्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होई, शहजाद्यांच्या भांड्यांना एकदा. म्हणजे मुघल दरबारालाही चकाकी कायमची विकत घेता आली नाही. ती पुन्हा पुन्हा कोणाला तरी करावीच लागली. स्टील आले, कल्हई गेली, आणि कल्हईगराची मुले दुसऱ्या धंद्यांना लागली.

आज आपल्याला वाटते की, इपॉक्सी ग्राउट भरले, सिलिकॉन ओढले, म्हणजे हा प्रश्न कायमचा सुटला. तसे नाही. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, म्हणून तिथे कडक सिमेंट तडकते आणि लवचीक सिलिकॉन टिकते, हे खरे. पण तेही काही वर्षांनी काळे पडते, कापून नवे भरावे लागते. म्हणून उरलेल्या फरशा आणि ग्राउटच्या रंगाचा क्रमांक जपून ठेवावा. धूळ वरून खाली काढावी, आधी कोरडी, मग ओली. आणि हे सगळे बाईच्या गळ्यात टाकून पुरुषाने 'किचन मी केले' असे सांगत फिरू नये.

आमच्या घरात या वेळी एक नियम ठरला: ज्याने फरशी लावली त्यानेच ती पुसायची. अम्मी खुर्ची टाकून दारात बसली आणि सांगत राहिली, "उस कोने में अभी बाकी है, बेटा." पाठ मोडली, पण तिने सांगितलेल्या प्रत्येक कोपऱ्यात खरोखरच धूळ होती. प्लेगच्या पथकाला कोणी घरातल्या म्हातारीला असे विचारायला लावले असते, तर मदनपुऱ्याची तारीख कदाचित कोणाला लक्षात ठेवावी लागली नसती.