पन्हाळ्याचा अंबरखाना

युद्धाच्या कथा सांगताना तलवार, घोडा आणि रणशूर पुरुष ह्यांचे वर्णन मन भरून केले जाते. त्या पुरुषांच्या पोटात अन्न कोठून येत होते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. सैन्याला लागणारे धान्य, वैरण, दारूगोळा आणि पाणी ह्यांच्या साठ्यास जुन्या मराठीत ‘जखिरा’ असे म्हणत. हा जखिरा कसा राखला जाई, ह्याची साक्ष कोल्हापूरच्या वायव्येस असलेल्या पन्हाळगडावर आजही उभी आहे. त्या वास्तूचे नाव अंबरखाना.

अंबरखान्यात गंगा, यमुना व सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. त्यांतील गंगा कोठी सर्वांत मोठी. तिने सुमारे दहा हजार चौरस फूट जागा व्यापली असून तिची उंची पस्तीस फुटांच्या आसपास आहे. आत सोळा खण आहेत. प्रत्येक खणाच्या छतास एक छिद्र ठेवलेले असून त्यातून धान्य आत ओतीत. भिंती जाड आणि उघड्या जागा अगदी थोड्या. त्यामुळे सह्याद्रीच्या कुशीतील धुवाधार पावसातही आतील भात, नाचणी व वरी कोरडी राही. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात.

ह्या गडाची कसोटी इ. स. १६६० मध्ये लागली. १६५९ च्या नोव्हेंबरात शिवाजीमहाराजांनी पन्हाळा घेतला आणि पुढल्या मार्चमध्ये सिद्दी जौहराचा वेढा त्याला पडला. पावसाळा आला की वेढा सैल होईल हा अंदाज जौहराने खोटा ठरविला. जुलैतील एका रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभू देशपांड्यांनी खिंडीत देह ठेवला. तो प्रसंग महाराष्ट्राच्या मनावर कायमचा कोरला गेला आहे. परंतु महाराज गेल्यावरही गड लढत राहिला, आणि सप्टेंबरमध्येच तो जौहराच्या हाती देण्यात आला. भर पावसात सहा महिने वेढ्यात तग धरणे हे शौर्याइतकेच आधी भरून ठेवलेल्या कोठारांचे काम होते.

कोठार भरणे ही अर्धी गोष्ट. ते राखणे ही खरी. सभासदाच्या बखरीवरून दिसते की, किल्ला कोणा एकाच्या हाती सोपवीत नसत. हवालदार, सबनीस व सरनोबत ह्यांनी परस्परांच्या विचाराने कारभार पाहावा आणि धान्य व युद्धसाहित्याचा हिशेब कारखानिसाने ठेवावा, अशी रीत होती. एकाने फितूर व्हावे म्हटले तरी इतरांचे डोळे त्याच्यावर असत.

ह्याच व्यवस्थेचे शास्त्र रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त सापडते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात ते लिहिले गेले. राजाराममहाराज जिंजीस असताना ज्यांनी स्वराज्याचा भार वाहिला, त्या पुरुषाचा अनुभव त्यात उतरला आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, भोवती झाडांचे दाट कुंपण असावे, दारू तळघरात माचावर ठेवावी, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती उन्हात घालावी व पुन्हा मोहोर करावी, अशी त्यातील शिस्त आहे. पावसाळ्यात तोफांचे काने मेणाने भरावेत; धान्यगृहांस उंदीर, मुंगी, वाळवी ह्यांचा उपद्रव पोचू देऊ नये; तोफांच्या दणक्याने झरे आटतात म्हणून टाक्यांतील पाणी जखिरा समजून राखावे. राज्याचा अमात्य वाळवीचा विचार करतो, ह्यात त्या राज्याच्या चिवटपणाचे रहस्य आहे.

परंतु हा सारा खटाटोप कोणासाठी? त्याचे उत्तर चिपळूणजवळ हलवर्ण्यास असलेल्या छावणीच्या अधिकाऱ्यांना गेलेल्या शिवकालीन पत्रात मिळते. पावसाळ्यासाठी जमविलेले दाणे आणि वैरण मनास येईल तशी उधळाल, तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असा इशारा त्यात दिला आहे. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी भाजी. असे झाले म्हणजे लोकांना मोगलांपेक्षा तुम्हीच अधिक वाईट वाटाल. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजी जळून जातील, इतका बारीक विचार त्यात आहे. कोठार हे सैनिकाची भूक आणि शेतकऱ्याचे घर ह्यांच्यामध्ये उभी केलेली भिंत होती. ती ढासळली की शत्रू येण्यापूर्वीच आपलेच सैन्य मुलूख लुटू लागते.

पुढे १७०१ साली पन्हाळा मोगलांकडे गेला व नंतर मराठ्यांनी परत मिळविला. १८४४ मध्ये कोल्हापूर राज्यातील गडकऱ्यांनी बंड केले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी गड राखले, त्यांच्या उदरनिर्वाहाच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे सोपविला गेला, हे त्यांच्या असंतोषाचे एक मोठे कारण होते. डिसेंबरमध्ये इंग्रजांनी पन्हाळा घेतला आणि त्या धामधुमीत चार दरवाजा हा गडाचा बळकट दरवाजा पाडला गेला. ज्यांच्या पूर्वजांनी कोठारे सांभाळली, त्यांचीच भाकरी असुरक्षित झाली, तेव्हा गडाच्या इतिहासाचे शेवटचे युद्ध पेटले.

आज गंगा कोठीत धान्य नाही. मात्र तिच्या थंड, अंधाऱ्या खणांत उभे राहिले म्हणजे छतातील छिद्रांतून उजेड खाली उतरताना दिसतो. एके काळी त्याच वाटेने रयतेच्या शेतातला दाणा खाली उतरत असे. आणि तो नीट राखला जाई, तोवर त्या रयतेच्या उंबरठ्यावर सैनिकाला हात पसरावा लागत नसे.